राखणीचा कॅमेरा बंद पडल्यास : दोष कसा शोधावा व दुरुस्ती कशी करावी

सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेल्या धडगाव भागात गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने उभी असलेली घरे नव्हेत. अक्राणी तालुक्यातील बहुतेक गावे निरनिराळ्या पाड्यांत विभागलेली असून, पुष्कळ ठिकाणी प्रत्येक कुटुंबाचे घर त्याच्या स्वतःच्या शेतात, शेजाऱ्यापासून बरेच अंतर राखून उभे असते. घराला लागूनच गुरांचा गोठा, शेळ्या-कोंबड्यांचा आसरा, मका-ज्वारीची साठवण आणि उन्हाळ्यात आमचुरासाठी वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी असतात. पावसाळी पिके निघाल्यावर अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे गुजरातमध्ये ऊसतोडीस व इतर मजुरीस जातात. घरी वृद्ध माणसे व मुले राहतात. अशा परिस्थितीत ओसरीवर किंवा गोठ्यावर लावलेला एखादा सीसीटीव्ही कॅमेरा हा शेतकरी कुटुंबाला मोठा आधार वाटतो. दूरगावी असलेला मुलगा मोबाइलवर घर पाहू शकतो, शेळ्यांच्या आसऱ्याभोवती रात्री काय फिरले ते सकाळी कळते आणि सौर पंपाचे साहित्य चोरीस गेल्यास पुरावा हाती राहतो.

परंतु यंत्र बंद पडले म्हणजे हा आधार नाहीसा होतो. इतकेच नव्हे, तर कॅमेरा बंद आहे हे घरात कोणालाच माहीत नसेल तर तो नसण्यापेक्षाही अधिक घातक ठरतो. कारण त्याच्या भरवशावर कुटुंब निर्धास्त राहते आणि पूर्वी घेतली जाणारी काळजीही सुटते. धडगावसारख्या डोंगराळ भागात जाणकार कारागीर बोलावणे म्हणजे एका दिवसाची मजुरी व प्रवासखर्च दोन्ही गमावणे होय. यास्तव दोष कोठे आहे हे क्रमाक्रमाने कसे शोधावे, कोणती दुरुस्ती घरच्या घरी करता येते व कोणती करू नये, याची माहिती शेतकरी बंधु-भगिनींना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे आवश्यक आहे.

कॅमेऱ्याचे काम कसे चालते ?

घराच्या दारावर कॅमेरा लावून आतील पडद्यावर बाहेरचा माणूस पाहण्याची कल्पना बरीच जुनी आहे. न्यूयॉर्क शहरातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ह्या परिचारिकेने १९६६ साली आपले पती आल्बर्ट ब्राउन यांच्यासह अशा योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना ते मिळाले. त्यांच्या कामाच्या वेळा अवेळी असत आणि त्यांच्या वस्तीत पोलिसांची मदत लवकर पोहोचत नसे. आजचा कॅमेरा त्याहून पुष्कळ लहान व स्वस्त असला तरी त्याची गरज तीच आहे : मदत दूर असताना घरावर लक्ष राहावे.

कॅमेऱ्याच्या कामाचे पाच दुवे समजून घ्यावेत. पहिला दुवा विजेचा. घरातील वीज अडॅप्टरमध्ये येऊन तिचे कमी दाबाच्या विजेत रूपांतर होते व ती तारेने कॅमेऱ्यास मिळते. दुसरा दुवा खुद्द कॅमेऱ्याचा. भिंगातून आलेल्या प्रकाशाचे तो चित्र बनवितो. तिसरा दुवा साठवणीचा. चित्र मेमरी कार्डावर किंवा डीव्हीआर ह्या पेटीतील हार्ड डिस्कवर नोंदले जाते. चौथा दुवा जोडणीचा. वायफाय, तार किंवा सिम कार्डमार्फत चित्र इंटरनेटवर जाते. पाचवा दुवा मोबाइल फोन व त्यातील ॲपचा होय. साखळीतील एक कडी तुटली तरी साखळी निरुपयोगी होते. परंतु त्यासाठी सारी साखळी बदलावी लागत नाही. तुटलेली कडी तेवढी शोधावयाची असते.

धडगाव भागात तीन तऱ्हेचे कॅमेरे वापरता येतात. पहिला मेमरी कार्ड असलेला वायफाय कॅमेरा. तो बहुधा ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. दुसरा डीव्हीआर पेटीला तारेने जोडलेला कॅमेरा. त्यास सामान्यतः १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. तिसरा सौर पत्रा, बॅटरी व सिम कार्ड असलेला कॅमेरा. आपला कॅमेरा कोणत्या प्रकारचा आहे हे प्रथम ठरवावे.

कामास हात घालण्यापूर्वी

दुरुस्तीपेक्षा जीव महत्त्वाचा आहे. पुढील खबरदारी न घेता काम सुरू करू नये.

(१) तार, पिन किंवा अडॅप्टर यांस हात लावण्यापूर्वी बटण बंद करून पिन सॉकेटमधून काढावी. अडॅप्टर उघडू नये. त्याच्या आत घरातील २३० व्होल्टची वीज असते.

(२) हात ओले असताना, पाऊस पडत असताना किंवा आकाशात विजा चमकत असताना कॅमेऱ्याजवळ जाऊ नये. विजेच्या खांबावर चढू नये.

(३) शिडी कोरड्या व सपाट जागी लावावी आणि ती धरण्यास दुसरा माणूस असावा.

(४) बिबट्याचा वावर असल्याचा संशय असल्यास रात्री कॅमेरा पाहण्यासाठी एकट्याने बाहेर पडू नये. दुरुस्तीचे काम सकाळपर्यंत थांबवावे. बिबट्या दिसल्यास वनविभागास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे.

(५) कृषिपंपाच्या थ्री-फेज जोडणीतून कॅमेऱ्यासाठी मधेच तार ओढू नये. दोन फेजांमधील दाब ४०० व्होल्टच्या आसपास असतो. चुकीची जोडणी झाल्यास अडॅप्टर जळतो व माणसाच्या जीवासही धोका होतो.

लक्षणावरून दोषाचा अंदाज

जनावर आजारी पडल्यास आपण प्रथम त्याचे कान, डोळे, रवंथ व शेण पाहतो. कॅमेऱ्याच्या बाबतीतही तसेच करावे. बहुतेक कॅमेऱ्यांवर किंवा त्यांच्या पेटीवर एक लहान दिवा असतो. तो दिवा मुळीच लागत नसेल तर दोष विजेच्या दुव्यात असण्याचा संभव सर्वांत अधिक. दिवा लागतो परंतु मोबाइलवर चित्र येत नाही, असे असेल तर दोष जोडणीत किंवा ॲपमध्ये शोधावा. मोबाइलवर चालू चित्र दिसते परंतु काल रात्रीचे चित्रण सापडत नाही, तर दोष साठवणीत आहे. दिवसा चित्र येते व अंधार पडताच कॅमेरा बंद पडतो, तर अडॅप्टर अथवा तार अपुरी आहे. चित्र येते पण धुरकट, पांढरट किंवा गुलाबी दिसते, तर भिंग व त्याभोवतीचे भाग तपासावेत.

तपासणीचा एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच वस्तू बदलावी. संशयित अडॅप्टरच्या जागी त्याच व्होल्टचा चांगला अडॅप्टर लावून पाहावा. कॅमेरा चालला तर दोष सापडला. न चालल्यास जुना अडॅप्टर परत लावून तार बदलून पाहावी. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कॅमेरा कदाचित चालू होईल, पण बिघाड कशात होता हे कळणार नाही आणि चांगली वस्तू फेकून देण्याची पाळी येईल.

विजेचा दुवा

प्रथम सॉकेटमध्ये वीज आहे किंवा नाही ते पाहावे. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहणे ही सर्वांत सोपी कसोटी होय. वीज नसल्यास घरातील एमसीबी खाली पडली आहे काय ते पाहावे. ती वर केल्यावर पुन्हा लगेच पडत असेल तर वायरिंगमध्ये दोष आहे. ती जबरदस्तीने वर ठेवण्याचा प्रयत्न करू नये. सर्व पाड्याची वीज गेली असल्यास महावितरणकडे १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सॉकेटमध्ये वीज असल्यास कॅमेऱ्याची पिन काढून सुमारे अर्धा मिनिट थांबावे व पुन्हा लावावी. वीज वारंवार येत-जात असताना कॅमेऱ्यातील कार्यप्रणाली मधेच अडकून पडते. अशा वेळी एवढ्या साध्या उपायानेही तो पूर्ववत चालू होतो. राउटर असेल तर प्रथम राउटर चालू करावा, दोन-तीन मिनिटे वाट पाहावी आणि मग कॅमेरा चालू करावा.

त्यानंतर अडॅप्टर पाहावा. त्याच्या पाठीवर किती व्होल्ट व किती अँपिअर मिळतात ते छापलेले असते. त्यावरील व्होल्टचा आकडा कॅमेऱ्यास लागणाऱ्या आकड्याइतकाच असला पाहिजे; अँपिअरचा आकडा मात्र लागणाऱ्या आकड्याइतका किंवा त्याहून अधिक चालतो. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्यास १२ व्होल्टचा अडॅप्टर लावल्यास कॅमेरा कायमचा निकामी होण्याची शक्यता असते. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालेल, असे कधीही समजू नये. मल्टिमीटर उपलब्ध असल्यास १२ व्होल्टच्या पुरवठ्यातील दाब कॅमेऱ्याच्या टोकाशी, कॅमेरा चालू असताना मोजावा. तो साधारणपणे १०.८ व्होल्टपेक्षा कमी भरू नये.

घरातील काही दिवे एकाएकी फार प्रखर व काही मंद होऊ लागले तर न्यूट्रल तार तुटल्याचा संभव असतो. अशा वेळी ताबडतोब मेन स्विच बंद करावा. अन्यथा कॅमेराच काय, घरातील पंखा, दिवे व चार्जर सर्वच जळू शकतात.

रात्रीच बंद पडणारा कॅमेरा

दिवसा चालणारा कॅमेरा रात्री बंद पडतो, तेव्हा पुष्कळांना ते गूढ वाटते. त्याचे कारण मात्र साधे आहे. अंधार पडताच कॅमेऱ्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या, म्हणजे अवरक्त प्रकाशाचे दिवे लागतात आणि विजेचा प्रवाह वाढतो. बारीक व लांब तारेतून जास्त प्रवाह नेल्यास वाटेतच दाब घटतो. ज्याप्रमाणे अरुंद नळीतून लांबवर पाणी नेल्यास शेवटच्या टोकास धार बारीक पडते, तसेच हे होय.

हिशेबाने पाहिले असता ही गोष्ट स्पष्ट होते. घरापासून ३० मीटर अंतरावरील गोठ्यास ०.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नेली असे समजू. जाऊन-येऊन ६० मीटर तारेचा विरोध सुमारे २ ओहम भरतो. कॅमेरा दिवसा ०.३ अँपिअर प्रवाह घेत असेल तर वाटेत ०.६ व्होल्ट घटतात व कॅमेऱ्यास ११.४ व्होल्ट मिळतात, काम चालते. रात्री दिवे लागून प्रवाह ०.८ अँपिअर झाला की १.६ व्होल्ट घटतात आणि कॅमेऱ्यास केवळ १०.४ व्होल्ट उरतात. तेवढ्या दाबावर तो बंद पडतो, पुन्हा चालू होतो व पुन्हा बंद पडतो. त्याच ठिकाणी १.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर घट साधारण अर्ध्या व्होल्टवर येते. म्हणजे येथे कॅमेरा बदलण्याची गरज नसून तार जाड घ्यावी, अथवा वायरमनकडून गोठ्याजवळ सुरक्षित सॉकेट बसवून अडॅप्टर कॅमेऱ्याच्या जवळ आणावा. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्यास तर लांब तार मुळीच मानवत नाही.

तार योग्य असूनही तक्रार राहिल्यास अडॅप्टर जुना होऊन कमजोर झाला असावा. तो बदलून पाहावा.

सौर पत्र्यावरील कॅमेरा

ज्या पाड्यांवर वीज नियमित राहत नाही तेथे सौर कॅमेरा सोयीचा असतो. परंतु त्याची बॅटरी पुरेशी भारित होत नसेल तर तो पहाटेच्या सुमारास, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी, बंद पडतो. सौर पत्रा दक्षिणेकडे तोंड करून व जमिनीशी सुमारे २२ अंशांचा कोन करून बसवावा; धडगावचे अक्षांश जवळजवळ तेवढेच आहेत. मोह, आंबा किंवा साग यांची सावली दिवसाच्या कोणत्याही वेळी पत्र्यावर पडत नाही हे पाहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून पावसाळ्यात मोकळा दिसणारा पत्रा डिसेंबरात सावलीत जाऊ शकतो. धूळ, पक्ष्यांची विष्ठा व शेतातील कचरा ओल्या मऊ फडक्याने सकाळी, पत्रा थंड असताना पुसावा.

पावसाळ्यात ढगाळ दिवसांची रांग लागली की बॅटरी भरत नाही. अशा काळात सतत चित्रण बंद ठेवून केवळ हालचाल झाली तरच चित्रण करण्याची सोय ॲपमधून निवडावी आणि आठवड्यातून एकदा बॅटरी चार्जरवर भरून घ्यावी. बॅटरी फुगलेली दिसल्यास ती वापरू नये, टोचू नये, तसेच चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये.

जोडणीचा दुवा

कॅमेऱ्याचा दिवा लागतो, पण ॲपवर ‘ऑफलाइन’ असे लिहून येते, अशा वेळी कॅमेरा बिघडलाच असे मानू नये. प्रथम घरातील दुसऱ्या मोबाइलवर त्याच वायफायने इंटरनेट चालते काय ते पाहावे. चालत नसेल तर दोष कॅमेऱ्याचा नसून राउटरचा, रिचार्जचा किंवा टॉवरचा आहे.

पुष्कळ घरांत राउटर नसतो. एखाद्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॅमेरा जोडलेला असतो. तो मोबाइल घेऊन घरधनी धडगावच्या बाजारास गेला की कॅमेऱ्याची जोडणी तुटते. बाजारात बसून तो घर पाहू लागतो, तेव्हा काहीच दिसत नाही आणि कॅमेरा बिघडल्याची समजूत होते. यावर उपाय एवढाच की, घरीच राहणारा एखादा जुना मोबाइल अथवा सिम कार्डाचा लहान राउटर त्यासाठी राखून ठेवावा.

वायफायचा परवलीचा शब्द बदलला किंवा नवा राउटर आणला, तर कॅमेरा आपोआप जोडला जात नाही. त्यास नवा शब्द ॲपमधून द्यावा लागतो. स्वस्त कॅमेऱ्यांपैकी बरेचसे २.४ गिगाहर्ट्झ ह्या एकाच लहरीवर चालतात. राउटर किंवा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असल्यास त्यांना तो सापडतच नाही. तसेच पत्र्याचे छप्पर, लोखंडी दार व जाड भिंती लहरींना अडवितात. राउटर घराच्या कोपऱ्यात, कणगीच्या मागे ठेवण्याऐवजी उंच व मोकळ्या जागी ठेवावा. कॅमेरा तात्पुरता राउटरजवळ आणून पाहावा; तेथे तो चालला तर दोष अंतराचा आहे.

सिम कार्डाच्या कॅमेऱ्यात रिचार्जची मुदत संपणे हे नेहमी आढळणारे कारण होय. सिम काढून मोबाइलमध्ये घालावे व इंटरनेट चालते काय ते पाहावे. येथेही हिशेब उपयोगी पडतो. सेकंदास १ मेगाबिट वेगाने जाणारे चित्र तासाला सुमारे ०.४५ जीबी खर्च करते. दिवसाला १.५ जीबी मिळणारे रिचार्ज असेल तर सव्वातीन तास सलग चित्र पाहताच ते संपते. म्हणून दूरगावच्या नातेवाइकांनी चित्र दिवसभर उघडे न ठेवता थोडा वेळ पाहून बंद करावे. डोंगराच्या आडोशास असलेल्या घरात ज्या बाजूस मोबाइलला रेंज मिळते, त्याच बाजूस असा कॅमेरा लावावा.

साठवणीचा दुवा

सर्वांत मोठे नुकसान बहुधा येथेच होते. कारण हा दोष वरून दिसत नाही. चालू चित्र रोज दिसते, पण कार्ड निकामी झाल्यामुळे नोंद एकाही दिवसाची नसते. ॲपमध्ये मागील दिवसाचे चित्रण उघडून पाहिल्याशिवाय साठवण चालू आहे असे गृहीत धरू नये.

कार्ड भरल्यावर कॅमेरा जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहितो. सेकंदास १ मेगाबिट ह्या प्रमाणात दिवसाला १०.८ जीबी जागा लागते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीन दिवसांहूनही कमी आणि ६४ जीबीच्या कार्डावर सहा दिवसांहून थोडे कमी सलग चित्रण राहते. बाहेरगावी मजुरीस गेलेल्या कुटुंबास चोरी आठ दिवसांनी कळली, तर त्या रात्रीचे चित्रण तोपर्यंत पुसले गेलेले असते. ह्यासाठी दोन उपाय करावेत. सलग चित्रणाऐवजी हालचालीपुरते चित्रण ठेवावे, म्हणजे कार्ड अधिक दिवस पुरते. आणि काही घडल्याचे कळताच प्रथम कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्यावे, मग पुढील विचार करावा.

कार्ड ओळखले जात नसेल तर कॅमेरा बंद करून ते काढावे, कोरड्या मऊ कापडाने त्याचे पितळी टोक पुसावे व नीट बसवावे. तरीही ओळखले न गेल्यास त्यातील आवश्यक चित्रण संगणकावर उतरवून मगच ॲपमधून कार्ड ‘फॉरमॅट’ करावे. फॉरमॅट केल्याने सर्व चित्रण पुसले जाते. अखंड लिहिण्याने सामान्य कार्ड लवकर झिजते, म्हणून कॅमेऱ्यासाठी बनविलेले टिकाऊ कार्ड घेणे परवडते. डीव्हीआर पेटी सारखी ‘पीं पीं’ असा आवाज करीत असेल, तर हार्ड डिस्क सापडत नसल्याची किंवा भरल्याची ती सूचना असू शकते.

चित्रावरील तारीख व वेळ बरोबर आहे काय ते अवश्य पाहावे. वीज गेल्यावर डीव्हीआरची वेळ मागे जात असल्यास आतील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते व ती कारागिराकडून बदलून घेता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये अशी नोंद पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते. चुकीच्या तारखेचे चित्रण तेथे शंकेस कारण होते. मूळ कार्डात काहीही फेरफार न करता ते पोलिसांकडे सुपूर्द करणे व त्याची पोच घेणे हे सर्वांत उत्तम.

चित्र अस्पष्ट दिसणे

रात्री चित्रावर पांढरे धुके दिसते ते पुष्कळदा धुके नसून कोळ्याचे जाळे असते. अवरक्त प्रकाश जवळच्या जाळ्यावरून परत येतो व भिंग दिपून जाते. वाऱ्याने जाळे हलले की हालचालीची खोटी सूचनाही येते. मऊ कुंचल्याने जाळी काढावीत. चुलीच्या धुराची काजळी व धूळ भिंगावर बसली असल्यास प्रथम फुंकून धूळ उडवावी, मग ओलसर मऊ सुती कापडाने पुसावे. राख, माती किंवा खरखरीत फडके वापरू नये. चरे पडल्यास ते जात नाहीत.

रात्री चित्र अगदी काळे येत असेल तर अंधारात मोबाइलचा कॅमेरा सीसीटीव्हीच्या भिंगाकडे धरून पाहावा. दिवे चालू असल्यास मोबाइलच्या पडद्यावर ते बहुधा जांभळट-पांढरे चमकताना दिसतात. साध्या डोळ्यांना मात्र ते दिसत नाहीत किंवा मंद लालसर दिसतात. ते चमकत नसतील तर दिव्यांत दोष आहे. दिवसा पाने गुलाबी-जांभळी दिसू लागली तर आतील सरकता गाळ एका जागी अडकला आहे, असे समजावे. कॅमेरा बंद-चालू करूनही तो सुटला नाही तर कारागिराची मदत घ्यावी.

पाऊस, उंदीर व वीज यांपासून बचाव

सातपुड्यातील पाऊस जोराचा व वाऱ्याबरोबर तिरपा येतो. कॅमेऱ्याचे अंग पावसास तोंड देते, परंतु तारांच्या जोडात पाणी शिरते. जोडावर हिरवट गंज दिसल्यास तेथेच दोष आहे असे समजावे. वीज बंद करून गंजलेले टोक कापावे, नवा जोड करावा व तो झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवावा. तार डबीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून वाहत आत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते.

धान्याच्या आशेने आलेले उंदीर तारा कुरतडतात. म्हणून तार कुडावरून उघडी न नेता प्लास्टिक नळीतून न्यावी. डबीत मुंग्यांनी घर केले नाही ना, हेही पाहावे. वादळ येण्याची चिन्हे दिसताच, म्हणजे विजा सुरू होण्यापूर्वी, अडॅप्टर व राउटर यांच्या पिना काढून ठेवाव्यात. घरास योग्य अर्थिंग असल्याशिवाय दाब-संरक्षक उपकरणाचा पुरेसा लाभ होत नाही.

परवलीचा शब्द व फसवणूक

कारखान्यातून येणारा परवलीचा शब्द तसाच ठेवू नये. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक संगणकीय कार्यक्रमाने असे मूळचे शब्द न बदललेले जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या साहाय्याने अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. ज्याने आपले घर आपण पाहतो, त्यानेच परका माणूसही पाहू शकतो हे ध्यानात ठेवावे.

दुरुस्तीसाठी दूरध्वनीवर मदत शोधताना कंपनीच्या खोक्यावर छापलेलाच क्रमांक वापरावा. ‘कॅमेरा दुरुस्त करतो, हे ॲप घ्या, आलेला ओटीपी सांगा’ असे म्हणणाऱ्यास काहीही सांगू नये. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० क्रमांकावर कळवावे. तसेच कॅमेऱ्याचे तोंड आपल्या दाराकडे व गोठ्याकडे असावे. शेजाऱ्याचे अंगण, न्हाणी किंवा पाणवठा त्यात येऊ नये.

शेवटचा उपाय

वरील सर्व करूनही कॅमेरा चालत नसेल तर ‘रिसेट’चे बटण सुमारे १० सेकंद, अथवा माहितीपत्रकात सांगितले असेल तितका वेळ, दाबून धरावे. त्यामुळे कॅमेऱ्यातील सर्व व्यवस्था मूळ स्थितीत येते व नवीन कॅमेऱ्याप्रमाणे तो पुन्हा जोडावा लागतो. हा उपाय प्रथम करू नये. कारण दोष अडॅप्टरमध्ये असता जोडणीही गमावली जाते. जळका वास येणे, अडॅप्टर अतिशय तापणे, कॅमेऱ्याच्या काचेआड पाणी दिसणे, ही लक्षणे असल्यास तो ताबडतोब बंद करून कारागिराकडे न्यावा. हमीची मुदत शिल्लक असेल तर कॅमेरा उघडू नये. खरेदीची पावती जपून ठेवावी.

नियमित देखभाल

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी म्हणा, पाच गोष्टी पाहाव्यात : दिवा लागतो काय, चालू चित्र दिसते काय, कालच्या रात्रीचे चित्रण उघडते काय, तारीख-वेळ बरोबर आहे काय, आणि रिचार्ज किती दिवस उरले आहे. बाजारास जाणारास रिचार्ज किंवा अडॅप्टर आणावयाचा असल्यास ते वेळीच कळते. पावसाळ्यापूर्वी सर्व जोड व दिवाळीनंतर सौर पत्र्याची दिशा तपासावी. मजुरीसाठी बाहेरगावी निघण्यापूर्वी ही तपासणी घरी राहणाऱ्या वृद्धांसमक्ष करावी, पिन काढून पुन्हा कशी लावावी हे त्यांच्याकडून एकदा करवून घ्यावे आणि शेजारच्या पाड्यावरील एका विश्वासू माणसाचा क्रमांक त्यांना देऊन ठेवावा. कोणी घरात शिरल्याचे चित्रात दिसल्यास दूर असलेल्या माणसाने प्रथम त्या शेजाऱ्यास व ११२ क्रमांकावर कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक मल्टिमीटर, ५ व्होल्टचा व १२ व्होल्टचा प्रत्येकी एक चांगला अडॅप्टर आणि एक रिकामे मेमरी कार्ड एवढे साहित्य जवळ ठेवल्यास, बदलून पाहण्याच्या रीतीने अनेक बंद कॅमेरे जागेवरच तपासता येतील. प्रत्येक पाड्यावरील एक-दोन तरुण-तरुणींना हा क्रम स्वतः हाताने करावयास लावावा. ऐकलेले विसरते, केलेले राहते.

कॅमेरा चोरास धरीत नाही व बिबट्यास हाकलीत नाही. तो केवळ पाहतो व सांगतो. शेळ्यांच्या आसऱ्याचे दार मजबूत असणे, रात्री अंगणात उजेड असणे व शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरावर लक्ष ठेवणे ही राखणीची जुनी साधने त्याच्या जोडीस कायम राहिलीच पाहिजेत.